डेसचा अंदाज

एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रेडिओने सांगितलं, की दूध कंपनीने भाव वाढवला आहे आणि मागणी जूनमध्ये सुरू होणाऱ्या हिवाळ्यातही टिकेल.

डेस हॅगर्टीने चहाचा कप खाली ठेवला. भाव कोसळणार, असं तारानाकी जिल्ह्यातल्या प्रत्येक कुंपणाला रेलून तोच आठवडाभर सांगत होता. त्याच भरवशावर काल त्याने तीनशे गायी दीड महिना आधीच आटवल्या होत्या. सडांत औषध भरून झालं होतं. आता ऑगस्टमध्ये वासरं होईपर्यंत थेंबभर दूध मिळणार नव्हतं.

"अर्थतज्ज्ञ उठले का?" बायकोने, मार्लिनने, आतून विचारलं.

"उठले आणि तोंडावर पडले," डेस म्हणाला. "गायींना आधीच कळलं होतं गं. औषध भरताना तिघींनी लाथा घातल्या, तरी मी हुशारच!"

"आणि वायरेमूला काय सांगून बसलायस?"

डेसचा चेहरा उतरला. शेजारच्या वायरेमूने परवा सल्ला विचारला होता आणि याने ऐटीत 'तूही आटव' म्हटलं होतं. वायरेमू आज सकाळची धार काढून लगेच औषध भरणार होता.

डेसने तीनदा फोन लावला. गोठ्यातल्या यंत्रांच्या आवाजात वायरेमूला फोन कधीच ऐकू येत नसे. डेस अनवाणीच गाडीत बसला.

पावणेसातला तो वायरेमूच्या फाटकाशी पोचला. यंत्रं बंद झाली होती, म्हणजे धार संपली होती; पण गायी अजून गोठ्यातून बाहेर आल्या नव्हत्या, म्हणजे औषध भरायचं काम अजून उरलं होतं.