वाळवीने खाल्लेलं गवत

नांदेडच्या आमच्या कॉलेजात रानगवतांची बारा चित्रं होती. दीडशे वर्षांपूर्वीची, दगडी छापाची, हाताने रंगवलेली. कुसळी, पवना, मारवेल. ग्रंथालयाचा शिपाई नरसिंग दर दिवाळीला त्यांना ऊन दाखवायचा.

एका मे महिन्यात ती वाळवीने खाल्ली. निदान प्राचार्य चंद्रप्पा सरांनी सही केलेल्या पंचनाम्यात तसं होतं. वाळवीने काचाही खाल्ल्या होत्या. दोष नरसिंगच्या हलगर्जीपणाचा ठरला. त्याला मेमो मिळाला, सेवापुस्तकात शेरा पडला, आणि तो शेरा घेऊनच नरसिंग रिटायर होऊन भोकरला गेला.

सहा वर्षांनी सरांनी लातूरच्या बंगल्याच्या वास्तुशांतीला सगळ्या जुन्या स्टाफला बोलावलं. हॉलमध्ये बाराही चित्रं. प्राध्यापकांनी ती ओळखली नाहीत. ते ग्रंथालयात कधी गेले नव्हते. शिपाई भिंतीकडे बघत नाही, असा सरांचा अंदाज असावा. नरसिंग दोनदा भात घेऊन जेवला.

पुढच्या सोमवारी सर उदगीरला लग्नाला गेले, तसा तो टेम्पो घेऊन आला.

"अक्का, चित्रांच्या काचा पुसून आणतो."

"बरं झालं बघ," सरांच्या पत्नी दानम्मा म्हणाल्या. "लई धूळ बसून राहिली त्या गवतावर. च्या घेऊन जा."

त्याने चहा घेतला, चित्रं घेतली आणि टीपॉयवर वारुळाच्या मातीचं एक ढेकूळ ठेवलं.

संध्याकाळी फोन आला.

"नरसिंग, चित्रं कुठायत?"

"कोणती, सर?"

"गवताची! माझी!"

"ती वाळवीनं खाल्ली न्हाई का? तुमचीच सही हाय."

"पोलिसात जाईन मी!"

"जावा की. पंचनाम्याची झेरॉक्स पाठवू का? तक्रारीला जोडाया लागंल."

सरांनी फोन आपटला.

मंगळवारी चित्रं कॉलेजात पोचली. नव्या प्राचार्य मंजुषा मॅडमना चंद्रप्पा सरांनी नऊ वर्षं दिवसाचा शेवटचा तास दिला होता. त्यांनी एकेक चित्र मन लावून पाहिलं. गवताची एवढी आवड त्यांना पूर्वी नव्हती.

"सरांकडून खुलासा मागवावा लागेल, नरसिंगकाका. पत्राचा मसुदा करायला हवा."

"तयार हाय, मॅडम." नरसिंगने पिशवीतून घडीचा कागद काढला. त्याचाच मेमो. 'आपणावर कारवाई का करू नये, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

मॅडमनी नाव बदललं. दुसऱ्या कागदावर नरसिंगचा शेरा रद्द केला. तो कागद त्याने न वाचताच खिशात घातला. त्याचं लक्ष पाकिटाकडे होतं.

"पोस्टानं नका पाठवू," तो म्हणाला. "मीच नेऊन देतो. अक्काचा च्या लई चांगला असतो."