त्रिकोणी घडी

ओयनिसाने कात्रीचे टोक टाक्याखाली घातले खरे, पण हात पुढे जाईना. अडुसष्ट वर्षे गळ्यात बाळगलेला ताईत. त्याचे कातडे आईने तीनदा बदलले होते, दोनदा तिने स्वतः. आतला कागद मात्र कोणी कधी उलगडला नव्हता.

"हळू हं, आपा," तुर्गुनबोय म्हणाला. "कागद फाटला तर स्मारकात ठेवायचं काय आम्ही?"

तुर्गुनबोय स्मारक समितीचा अध्यक्ष. पाच वर्षांपूर्वीपर्यंत हाच गृहस्थ शाळेत इतिहास शिकवताना ओयनिसाच्या वडिलांना, ईशान सोबिरखानांना, लुटारूंचा म्होरक्या म्हणत असे. राज्य बदलले, लाल झेंडा उतरला आणि त्याच तोंडाने तो त्यांना हुतात्मा म्हणू लागला. ओयनिसाला त्याचा राग येत नसे. लुटारूची मुलगी म्हणून तिला शाळेतून काढले, सूतगिरणीतून काढले. आता हुतात्म्याची मुलगी म्हणून पहिल्या रांगेत बसवत होते. दोन्ही वेळा तिला कोणी विचारले नव्हते.

वडिलांचा चेहरा तिला आठवत नव्हता. ती चार वर्षांची असताना ते पकडले गेले. त्याआधी तीन वर्षे धर्मासाठी, जमिनीसाठी ते घोडेस्वार घेऊन डोंगरातून लाल फौजेशी लढले होते. ते ईशान, म्हणजे पीर; त्यांनी फुंकर घातलेले पाणी प्यायला लोक मैलोगणती चालत येत. शरद ऋतूत त्यांना कालव्याकाठच्या तुरुंगात डांबले आणि वीस दिवसांनी गोळी घातली. त्या वीस दिवसांत एकदा तुरुंगाचा पाणक्या अंगणात आला, त्रिकोणी घडीचा एक कागद टाकून, "ईशानांनी दिलंय," एवढे बोलून निघून गेला.

ईशानांचा कागद, त्यात त्रिकोणी घडी. ताईताशिवाय दुसरे काय असणार? आईला अक्षरओळख नव्हती आणि वाचणाऱ्याला दाखवावा तर जिवावर बेतायचे. तिने तो कातड्यात शिवला आणि पोरीच्या गळ्यात बांधला. पुढे मरेपर्यंत तिची एकच सल होती.

"सगळ्या खोऱ्याशी भरभरून बोलला तुझा बाप," ती म्हणायची. "आपल्याला एक शब्द नाही. ताईत दिला, दारात आलेल्या कुणालाही द्यायचा तसा."

शेवटी ओयनिसाने टाके उसवले आणि कागद मुहिद्दीन दोमलांच्या हातात दिला. दोमला म्हणजे मशिदीतले जुने गुरुजी. दोनदा लिपी बदललेल्या त्या गावात जुनी अक्षरे वाचणारे ते एकटेच उरले होते. पन्नास वर्षे त्यांनी पुस्तके गोठ्यात गवताखाली लपवली होती. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. ओठ हलू लागले, आणि मध्येच थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"तुर्गुनबोय, चहाचं पाणी उकळलं का बघ बाबा."

तो बाहेर गेल्यावर ते हळूच म्हणाले, "ओयनिसा, ही दुआ नाही. पत्र आहे. तुझ्या आईला."

तिने हातातली कात्री खाली ठेवली. दोमला वाचू लागले.

"रोबिया, पहारेकरी ताईत अडवत नाहीत, म्हणून अशी घडी घातली. वरच्या खिडकीतून कालव्यावरचा पूल दिसतो. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर तिथे ये. पोरीला खांद्यावर घे. माझी नजर अधू झाली आहे, लाल ओढणी घेतलीस तर ओळखेन. थांबू नकोस, नुसता पूल ओलांड. लोक मला शूर म्हणतात. मला इथे रोज भीती वाटते. तुम्हा दोघींना एकदा पाहिले की नीट जाईन. या शुक्रवारी जमले नाही तर पुढच्या ये."

कागद आल्यानंतर दोन शुक्रवार गेले होते, हे ओयनिसाला आईकडूनच ठाऊक होते. ते दोन्ही दिवस आई दाराला कडी लावून, ताईत पोरीच्या छातीशी दाबून बसून होती. नवरा सुटावा म्हणून.

तुर्गुनबोय किटली घेऊन आत आला. "काय निघालं? कुठली दुआ?"

दोमलांनी तिच्याकडे पाहिले. तिने कागद त्याच जुन्या घड्यांवर मिटला.

"दुआच आहे," ती म्हणाली. "पण आमच्या घरापुरती."

तुर्गुनबोयने पुष्कळ गळ घातली. मोठे साहेब उद्घाटनाला येणार होते, पाथरवट मजकुरासाठी खोळंबला होता. ओयनिसाने रिकामे कातडे त्याच्या हातावर ठेवले आणि हेच ठेवा, लोक नाहीतरी कातड्यालाच हात लावतात, असे सांगितले.

त्या तुरुंगात आता रेशमाच्या कोशांचे कोठार होते आणि वरची खिडकी केव्हाच विटांनी बुजवली होती. शुक्रवारी दुपारचा नमाज सुटला, तेव्हा ओयनिसा पुलाच्या तोंडाशी उभी होती. तिथल्या म्हाताऱ्या पांढरीच ओढणी घेतात. हिच्या डोक्यावर नातसुनेची लालभडक ओढणी पाहून खरबूजवालीला हसू आवरेना.

"आजी, लग्नाला निघालात की काय?"

"निघालेय खरी," ओयनिसा म्हणाली. "उशीर झाला जरा."

ती पुलावरून सावकाश चालत गेली. मान वर करून, विटांच्या त्या चौकोनाकडे चेहरा ठेवून. डोळ्यांतले पाणी तिने पुसले नाही. हात वर गेला तर चेहरा झाकला गेला असता. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर ती वळली आणि पूल पुन्हा एकदा ओलांडू लागली. शुक्रवार दोन होते.