दाजींचा पाय

"धरून बस," दाजी म्हणाले आणि त्यांनी रेस अगदी नखभर दिली.

गाडीने मान पुढे टाकली, मागे घेतली, पुन्हा टाकली. शेजारी बसलेल्या मेहुण्याचं कपाळ डॅशबोर्डवर आपटता आपटता राहिलं.

"बसला की नाही गचका?"

"बसला की! आणखी एक बसला तर माझे दात त्या डॉक्टरीणबाईंकडेच न्यावे लागतील."

दाजी मनापासून हसले. गाडीने गचका मारला म्हणून एवढा खूश झालेला मेकॅनिक कुणी पाहिला नसेल. पण गचका मेहुण्यालाही बसला होता, म्हणजे दोष गाडीत होता. आणि दोष गाडीत आहे म्हटल्यावर दाजींचा जीव भांड्यात पडला.

गाडी लाल, दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकतंय की काय असं वाटायला लावणारी स्पोर्ट्स कार. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद केल्यावर स्वतःच्या हौसेखातर घेतलेली. मोकळ्या रस्त्यावर सोडली की नुसती भिरभिरायची. पण सिग्नलपाशी, गल्लीत, पार्किंगमध्ये, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर हळू न्यायची म्हटलं की नखरे सुरू. "पळ म्हटलं की पळते, चाल म्हटलं की रुसते," असं बाईंनी गाडी सोडताना सांगितलं होतं, आणि दोष सांगायची याहून चांगली रीत दाजींनाही सुचली नसती.

गॅरेज मेहुण्याचं. तो दाजी म्हणायचा म्हणून गिऱ्हाईकं दाजी म्हणू लागली, मग स्पेअर पार्टवाला, मग चहावाला, मग दाजींपेक्षा वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. "अख्ख्या वस्तीच्या बहिणीशी तुम्ही एकट्यानेच लग्न केलंत," असं त्यांची बायको म्हणायची.

या गॅरेजचा एक नियम होता. काम कुणीही करो, दाजींच्या पायाने पास झाल्याशिवाय गाडी बाहेर जायची नाही. दाजी उजवा बूट आणि मोजा काढून बसायचे आणि अनवाणी तळवा पेडलवर ठेवायचे. केबल कुठे घासतेय, इंजिन कुठे दम खातंय, कुठलं बेअरिंग आज ना उद्या ओरडणार आहे, हे सगळं त्या तळव्यातून वर यायचं. शेवटी गाडीतून उतरून ते "पास" म्हणायचे. मेहुणा त्या एका शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. त्याने धंदा उभा केला होता, पण तो उभा दाजींच्या पायावर होता, आणि हे तो चारचौघांत सांगायचाही.

आता खरं काय ते सांगूनच टाकतो. तो पाय गेला होता. म्हणजे जागेवर होता, चालत होता, बूट घालत होता, पण खबर देत नव्हता. साखरेचं दुखणं जुनं. आधी तळव्याला मुंग्या यायच्या, तेव्हा दाजी वैतागायचे. मग मुंग्या थांबल्या आणि त्यांना वाटलं, चला, बरं झालं. मग एका संध्याकाळी ते जिना चढून दारात आले तर बायको म्हणाली, "अहो, एक चप्पल कुठाय?" खाली पाहतात तो उजवा पाय उघडा. "तुटली, टाकून दिली," असं ठोकून दिलं त्यांनी. नंतर गुपचूप खाली गेले तर चप्पल मधल्या पायरीवर, चांगली धडधाकट. कधी निसटली याचा पत्ता नाही. ती हातात धरून दाजी जिन्यात कितीतरी वेळ उभे राहिले, आणि त्यांना भयंकर भीती वाटली.

तेव्हापासून ते पायाचं काम कानाने करत होते. पेडल किती दाबलं गेलंय हे तळव्याला कळेना, म्हणून इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि त्यावरून ठरवायचं. साध्या गाड्यांत हे खपून गेलं. पण ही लाल बया एवढी तिखट, की नखाएवढ्या फरकाने उडी मारणार. कानाला कळेपर्यंत उशीर झालेला असायचा. म्हणून तर पहिल्या दिवशी तिने गचका मारला तेव्हा दाजींना पहिला प्रश्न पडला होता: हा हिचा, की माझा? मेहुण्याला शेजारी बसवलं, स्टिअरिंगवरही बसवून पाहिलं. त्यालाही बसला. हिचाच!

मग काय, दाजी कामाला भिडले. मेहुण्याने कॉम्प्युटर लावून पाहिला, त्यात काही दोष दिसला नाही. दाजींनी थ्रॉटल उघडला. हवा आत सोडणारी ती पितळी झडप, तिच्या कडेला काजळीचं कडं बसलेलं. झडप चिकटून बसायची आणि सुटली की एकदम सुटायची. स्प्रे मारून, फडक्याने पुसून लख्ख केली. केबल सैल होती, ती ताणली. गचका निम्मा झाला, पण गेला नाही.

"दाजी, इंजिन माउंट बघायचे का?"

"माउंट बरे आहेत. तू आत बस. ब्रेक दाबून ठेव, पहिला टाक, आणि मी सांगेन तेव्हा हाफ क्लचवर आण."

इंजिनाला जोर पडला तसं ते एका कुशीवर कलंडलं. दाजींनी हात खाली घातला आणि एअर फिल्टरकडून येणाऱ्या जाड रबरी पाइपाच्या पोटाखालून बोटं फिरवली. एका जागी बोटाचं टोक आत ओढलं गेलं. चीर! गाडी उभी असताना मिटलेली, इंजिन कलंडलं की तोंड उघडणारी. त्या चिरेतून मोजमापाबाहेरची हवा आत शिरायची, पेट्रोल कमी पडायचं, आणि गाडी अडखळायची.

"सापडली चोरटी!" दाजी ओरडले. मेहुण्याने हॉर्न वाजवला. चहा मागवला गेला. त्या दुपारी दाजी सासुरवाडीला पहिल्यांदा आलेल्या जावयासारखे ऐटीत बसले होते. बोटं शाबूत होती, डोकं शाबूत होतं, आणि उरलेलंही सगळं शाबूत आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

नवा पाइप बसला. दाजी बूट-मोजा काढून स्टिअरिंगवर बसले, गल्लीत निघाले, रेस दिली.

गचका.

त्यांनी पुन्हा दिली. पुन्हा गचका. दाजी परत आले आणि बॉनेट उघडून उभे राहिले. "राहिलंय काहीतरी," म्हणाले.

मेहुणा एक फेरी मारून आला. "दाजी, मला तर लोण्यासारखी वाटली हो."

"तुला काय कळतंय?"

हे ते फार जोरात बोलले. मेहुण्याचा चेहरा उतरला. आणि तो जे बोलला ते दाजींना शिवीपेक्षा लागलं: "नसेल कळत मला. तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच."

आणि मग चांगल्या गाडीची चिरफाड सुरू झाली. सेन्सर बदलला. इंजिन पेलणारे जे माउंट बरे होते तेही बदलले. प्लग काढले, घासले, लावले, पुन्हा काढले. झडप परत उघडली. ती आरशासारखी होती, तरी पुसली. प्रत्येक वेळी दाजी उरात आशा घेऊन स्टिअरिंगवर बसायचे आणि प्रत्येक वेळी गाडी तीच मान टाकायची. मेहुणा लागेल ते हत्यार हातात देत राहिला. आपल्याला जाणवत नाही याचीच त्याला लाज वाटत होती. दाजींना हे दिसत होतं. एका वाक्याने त्याची सुटका झाली असती, पण ते वाक्य तोंडातून बाहेर पडेना.

शेवटी बाईच आल्या. पांढरे केस आखूड कापलेल्या, बोलायला मोकळ्या.

"काय दाजी, माझी पोरगी नांदवून घेतलीत की काय इथेच?"

"थोडं राहिलंय, बाई."

"काय राहिलंय?"

मेहुणाच पुढे झाला, "पाइपाला चीर होती, ती काढली. पण गचका अजून आहे म्हणतात."

"म्हणतात? म्हणजे तुम्हाला नाही वाटत?"

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

"माझ्याकडे पेशंट यायचे," बाई किल्ली घेत म्हणाल्या, "दुखायचा एक दात आणि बोट दाखवायचे दुसऱ्यावर. शपथेवर सांगायचे, हाच! नवी होते तेव्हा एकाचं ऐकलं आणि चांगला दात उपटला. चला, बसा शेजारी. बघू तरी."

दाजी शेजारच्या सीटवर बसले. दुकानांच्या रांगेपुढून, माणसांच्या आणि सायकलींच्या मधून बाईंनी गाडी काढली. पहिला गिअर, दुसरा, परत पहिला. एक म्हातारा रस्त्याच्या मधोमध चालला होता, त्याच्यामागून त्याच्याच चालीने गाडी चालली. ना हिसका, ना धक्का. आरशाला टांगलेला बाईंचा लहानसा लोलक जरासुद्धा हलला नाही.

"अहो, केवढी छान केलीत!" बाईंना हसू आवरेना. "काय राहिलंय म्हणता? वेडे आहात की काय!"

दाजी त्या लोलकाकडे पाहत राहिले. इतकं सुंदर काम त्यांच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. आणि ते त्यांना कधीच जाणवणार नव्हतं.

"एकदा मी घेऊ?" त्यांनी विचारलं.

जागा बदलल्या. दाजींनी मोजासुद्धा काढला नाही. त्यांनी कान टवकारले, श्वास धरला, आणि होती नव्हती ती सगळी अक्कल लावून रेस दिली. गाडी उसळली. बाईंचा हात पटकन दरवाज्याच्या मुठीवर गेला. दाजी सावरायला गेले तर आणखी एक उसळी. पुढे चाललेल्या म्हाताऱ्याने दचकून मागे पाहिलं.

बाई त्यांच्या पायाकडे पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्हाला हिची सवय नाही ना, म्हणून."

"हो," दाजी म्हणाले. "सवय नाही." त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली, आणि किल्ली बाईंच्या हातात दिली. "पास आहे, बाई. घेऊन जा."

गॅरेजमध्ये ते चालत परतले. मेहुणा दारातच उभा होता.

"होता का गचका?"

"नव्हता. तुझं बरोबर होतं. पाइप बसवला तेव्हाच गाडी झाली होती."

"मग तुम्हाला कसा काय..."

"उद्यापासून ट्रायल तू मारायचीस."

"मी? दाजी, माझा पाय म्हणजे काय, नुसता बूट अडकवायला."

"तूच," दाजी म्हणाले आणि हात धुवायला निघून गेले. नळ बराच वेळ चालू होता. मेहुणा तिथेच उभा राहिला. त्याला आपण काय कमावलं ते कळेना, काय गमावलं तेवढं कळलं.

घरी बायको भाजी निवडत बसली होती. दाजी खुर्चीत बसले.

"झाली का ती लाल गाडी?"

"झाली."

"काय निघालं शेवटी?"

दाजींनी भिंतीकडे पाहिलं. खोटं तयार होतं, ओठावर होतं. "पाय," ते म्हणाले. "माझा पाय निघाला."

तिने भाजी बाजूला ठेवली. रडली नाही, ओरडलीही नाही. त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, बूट काढला, मोजा काढला आणि पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. दाजींची नजर भिंतीवरच होती.

"इथे कळतंय?" तिने विचारलं.

"कळतंय."

"आणि इथे?"

"हो, कळतंय की. थोडं कमी, पण कळतंय."

तिने अजून बोट लावलंच नव्हतं.