पिकाचा खुराक

"माचीस खाली ठेवा. न्हाईतर मला बी पेटवा," कडब्याच्या गंजीवर ठाण मांडून बसलेली धुरपताबाई नवऱ्याला म्हणाली.

खाली लिंबाजी उभा. काल त्यानं गंजीचा एक कोपरा नेऊन ज्वारीच्या बांधावर जाळला होता. बहात्तरचं साल. पेडगावची ज्वारी उभ्यानं करपत होती. परभणीच्या मेळाव्यात एका साहेबानं माइकवर सांगितलं होतं, धुरातला कर्बवायू पिकाचं खाणं आहे. हवेत तो वाढतोय, पिकं जोमानं येतील.

"साहेब खोटं सांगंल व्हय? पिकाला खुराक भेटायलाय."

"अन् बैलाला? त्याला राख घालू?"

"तुला काय कळायलंय!"

"भूक कळती मला."

आरडाओरड ऐकून रस्त्यानं जाणारे शेतीखात्याचे किशनराव थांबले. मेळाव्यात ते साहेबाच्या शेजारीच बसले होते. ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"जाळू नको, लिंबाजी. झाड तो वायू खातं, खरंय. पण पाण्याबिगर काय उपयोग? अन् हवेत तो साचत गेला की गोधडीसारखी ऊब धरून ठेवतो. भुई तापत जाते. पाऊस कसा फिरंल, सांगता येत नाही."

"मग मेळाव्यात का न्हाई बोललात?" धुरपताबाईनं विचारलं.

"लोक खचलेत, मावशी. साहेब म्हणाले, धीर येईल तेवढंच सांगा."

धीर! भरल्या पोटाची माणसं उपाशी माणसाला हाच एक माल फुकट वाटतात.

धुरपताबाई गंजीवरून उतरली. "गोड तेवढं माइकवर, अन् कडू माझ्या परसात? आमी काय लेकरं हाव? चला चावडीवर. तिथं सांगा."

"वरून बोलणी बसतील मला."

"बसू द्या. आमचा कडबा जळालाय."

चावडीवर किशनराव खालच्या आवाजात बोलू लागले.

"मोठ्यानं!" ती मागून ओरडली. "मेळाव्यात लय घुमत व्हता आवाज तुमच्या खात्याचा!"

किशनरावांनी सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. म्हातारे आप्पाराव हळूच म्हणाले, "मी बी उद्या जाळणार व्हतो."

संध्याकाळी लिंबाजीनं बांधावरचा अर्धवट जळालेला कडबा उचलून आणला. बैलानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. धुरपताबाईनं कडब्याचं एक ताट घेतलं, पदरानं काजळी पुसली, पुन्हा बैलापुढं धरलं.

लिंबाजी शेजारी येऊन बसला. धोतराच्या सोग्यानं दुसरं ताट पुसू लागला.