दुमडलेलं कापड

"उरलेली अर्धी दाढी कोण करणार? शेजारी?" मी विचारलं, तसे हे आरशासमोरून वळले. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर फेस तसाच.

"झाली की दाढी!"

तीस वर्षं शिंप्याच्या दुकानात कटिंग मास्तर म्हणून मिरवलेला माणूस. चूक कबूल करणं रक्तातच नाही.

तीन महिन्यांपूर्वी दुकानाच्या माळ्यावरून कापडाचा तागा काढताना शिडी सरकली आणि यांचं डोकं फरशीवर आपटलं. जीव वाचला. चालणं, बोलणं, सगळं परत आलं, फक्त जगाची डावी बाजू हरवली. ताटातली डावीकडची कोशिंबीर तशीच राहायची आणि "कोशिंबीर का वाढली नाहीस?" म्हणून माझ्यावरच डाफरायचे.

"डोळे शाबूत आहेत," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. "डावीकडची दखल मेंदूचा उजवा भाग घेतो. मार नेमका तिथे बसलाय. डावीकडे काही आहे, हेच त्यांच्या मेंदूच्या ध्यानात येत नाही."

"उजव्याचं डावीकडे? कुठल्या शिंप्यानं शिवलंय हे?" हे म्हणाले. डॉक्टरीणबाई हसल्या. मला रडू येत होतं.

दुकानाच्या मालकांनी सोमवारपर्यंत मुदत दिली होती. "मास्तर, एक कोट कापून दाखवा. जमलं तर टेबल तुमचं. नाहीतर काउंटरवर बसा, पगार तोच." पगार तोच! ते ऐकून यांना दोन दिवस घास गेला नाही. हातातली कात्री गेली तर हा माणूस घरात नुसता बसून संपेल, हे मला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून मी रोज पलंगावर जुनी चादर पसरायचे आणि हे खडूनं कोट आखायचे. रोज एकच बाही, एकच पुढचा भाग.

"दुसरी बाही कुठाय?"

"आखली की!"

पालथ्या घड्यावर पाणी. रविवारी माझा तोल गेला. "आता एका हाताचं गिऱ्हाईक शोधा," मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. हे बराच वेळ चादरीच्या कडेवरून हात फिरवत राहिले.

सोमवारी दुकानात माझ्यासमोरच मालकांनी गडद निळं लोकरी कापड टेबलावर उलगडून पसरलं. माझा जीव टांगणीला. यांनी कापडाला हात लावला आणि कपाळावर आठी पडली.

"उघडं कापड कोण कापतं हो?" असं म्हणत काठाला काठ लावून कापड दुमडलं.

मी कपाळावर हात मारला. आयुष्यभर यांच्या कोटांना काज-बटणं केली, कापड दुमडून एका कापात दोन्ही बाजू निघतात हे पोरसवदा वयापासून पाहिलं, आणि घरी आठवडाभर चादर उघडी पसरत होते! चूक यांची कमी, माझीच जास्त होती.

मग टेबलाच्या कडेला हात लावत हे थेट डाव्या टोकापर्यंत गेले. कड संपल्याची खात्री केली आणि तिथेच उभे राहिले. आता सगळं कापड त्यांच्या उजवीकडे होतं. खडू फिरला. कात्री लागली. दोन्ही पदर सरसर कापत गेली, कुठेही अडली नाही. मी श्वास घ्यायचंसुद्धा विसरले.

मालकांनी तुकडे सुटे केले. दोन बाह्या, दोन पुढचे भाग, अखंड पाठ. एक बाही दुसरीवर ठेवून पाहिली, मग उलटून पाहिली.

"वहिनी, एका धाग्याचा फरक नाही!" ते ओरडले. कारागिरांनी मशिनी थांबवून टाळ्या वाजवल्या. मी रडले, अगदी मनसोक्त.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं. मालकांनी स्वतःच्या गळ्यातली टेप काढून यांच्या गळ्यात घातली. गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून यांनी उजवा खांदा मोजला, उजवी बाही मोजली, आणि क्षणभर थांबले.

"साहेब, जरा वळून उभे राहता का?" हे ताठ मानेनं म्हणाले. "डावीकडचं मला दिसत नाही."