कुऱ्हाडीनं दिलेलं नाव

फुटबॉलच्या मैदानावर त्याला सगळे कुऱ्हाड म्हणत. बचाव फळीत बारा वर्षं खेळला. तेवढ्या काळात दोघांच्या नडग्या मोडल्या, स्वतःचं नाक चारदा फोडून घेतलं. मॅनेजर झाला तरी हात आवरेना. बायको म्हणायची, "अहो, आता तरी माणसात या." तो हसण्यावारी न्यायचा.

एकदा मध्यंतराला संघ दोन गोलनी मागे होता. भिंगरी या त्याच्या फॉरवर्डनं गोल समोर असताना पास दिला होता. ड्रेसिंग रूममध्ये शिरताच कुऱ्हाडनं त्याच्या कानशिलात भडकावली.

"गोल दिसत नाही का रे?"

भिंगरीनं तोंड फिरवलं. म्हणून दुसरी बसली. तिसरीला भिंगरीनं बाकाखालचा बूट उचलला आणि खिळ्यांच्या बाजूनं तोंडावर हाणला.

"अरे, धरा त्याला!" मालिशवाला ओरडला. तोवर दुसरा घाव बसला होता. फरशीवर रक्ताचं थारोळं झालं. कुऱ्हाडचा डावा डोळा कायमचा गेला.

भिंगरीवर दोन वर्षांची बंदी आली, कुऱ्हाडला क्लबनं नारळ दिला. पुढे दुसऱ्या एका क्लबनं त्याला खेळाडू हेरायच्या कामावर घेतलं. गावोगावची छोटी मैदानं तो एका डोळ्यानं पालथी घालू लागला. अशाच एका सामन्यात त्याला भिंगरी दिसला. बंदी संपवून किरकोळ संघात खेळत होता.

त्यानंतर कुऱ्हाडनं भिंगरीचे ओळीनं तीन सामने पाहिले. तिसऱ्यात एका बचावपटूनं भिंगरीच्या तोंडावर कोपर मारलं. भिंगरी दात थुंकून उठला, आणि त्याच बचावपटूला चकवून गोल केला.

सामन्यानंतर कुऱ्हाड त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. भिंगरीनं भिंतीला पाठ लावून मुठी आवळल्या.

"मारायला आलात, सर?"

"पहिल्या सामन्याला पिशवीत लोखंडी पाना घेऊन आलो होतो."

"मग?"

"मग तू खेळलास." खिशातून वही काढत तो म्हणाला, "पहिली चूक माझीच होती रे. क्लबला तुझं नाव देतोय."

भिंगरीच्या मुठी सैल झाल्या, पण भिंत त्यानं सोडली नाही.

क्लबनं त्याला घेतलं. कुऱ्हाडच्या अहवालात वेगाबद्दल, पायांबद्दल भरभरून लिहिलं होतं. शेवटी नव्या मॅनेजरसाठी एक ओळ होती: "याच्यावर हात उचलू नये. उलटून मारतो."