डाव्या पायाचा क्लच

आमचे पप्पा, एलिया, एसटीचे ड्रायव्हर. डेपोतल्या पायरीवरून घसरले आणि डावा घोटा मोडला. आता काहीही करून पुन्हा गाडी चालवायची, एवढंच त्यांच्या डोक्यात.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी हाडाला स्टीलची पट्टी आणि स्क्रू टाकून बजावलं, "पाय जमिनीला टेकवायचा नाही." पप्पांनी ते तंतोतंत पाळलं. कॉटवरच पायथ्याशी वीट उभी केली आणि सवय मोडू नये म्हणून तिच्यावर क्लच दाबत बसले. श्रीरामपूर-नगर गाडी रोज सकाळी कॉटवरून सुटायची.

शेजारच्या बनुबाई मेथी निवडायला यायच्या. "एलियाभाऊ, देवळालीला थांबवा बरं."

"स्टँडवर थांबंल. दारात न्हाई."

मम्मी वैतागायची. "अवो, डॉक्टर काय म्हणले?"

"जमिनीला टेकवू नका म्हणले. वीट जमिनीवर हाय का?"

हाड जुळलं नाही. एक्स-रेत स्क्रू तुटलेला दिसला. मम्मीने वीट गल्लीत भिरकावली. डॉक्टरांनी पप्पांच्या कमरेच्या हाडाचा तुकडा काढून घोट्याच्या फटीत भरला. चर्चच्या पाळकसाहेबांनी घरी येऊन प्रार्थना केली, तीत स्क्रूचाही उल्लेख होता. तरी तेही हाड विरघळलं, वर सांधा झिजला.

मग नगरचे मोठे डॉक्टर. "काका, आता सांधाच बंद करू. हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकू. दुखणं जाईल, चालता येईल. घोटा मात्र वर-खाली होणार नाही."

"मंग क्लच?"

"क्लच विसरा."

पप्पांनी बराच विचार केला. "मंग असं करा. क्लच दाबल्यावर पाऊल जसं ऱ्हातं, तसंच जोडा."

"आयुष्यभर चवड्यावर चालाल!"

"चालायचंय कुनाला?"

"आणि दाबलेला क्लच सोडणार कसा?"

क्लच सुटला नाही तर गाडी जागची हलत नाही, हे पप्पांना डॉक्टरांनी सांगावं लागलं. त्यांनी सही केली.

ऑपरेशन झकास झालं. काही महिन्यांनी एक्स-रे काढला तर सांध्याची फट औषधालाही उरली नव्हती. डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरांना हाक मारून फोटो दाखवला. "बघा, याला म्हणतात जुळणं!" मम्मीने हात जोडले.

पप्पा फोटोकडे बघत राहिले. "सायेब, हे आता मोडायचं म्हणलं तर कसं मोडतं?"

डॉक्टर खो खो हसले. शिकाऊ डॉक्टरही हसले.

पप्पा उत्तराची वाट बघत होते.